वाइन आणि शॅम्पेन : आपली आवड ओळखण्याची पद्धत

वाइन नव्याने चाखू लागलेल्या बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो 'चांगली वाइन कोणती' हा. या प्रश्नाची उत्तरे देणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे असते, कारण प्रत्येक जण स्वतःच्या जिभेविषयी बोलत असतो. नवख्या माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न निराळा आहे: या घोटात मला जे आवडले किंवा नावडले, ते नेमके काय होते? आंबटपणा, गोडवा, तुरटपणा, की वास? हे सांगता येऊ लागले की पुढची बाटली निवडणे नशिबावर राहत नाही. नामांकित वाइनरींची यादी पाठ करण्यापेक्षा हा मार्ग लवकर फळ देतो, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणाविषयी आधी थोडे

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. म्हणून 'रेड वाइन हृदयाला चांगली' अशा समजुतीने कोणी प्यायला सुरुवात करू नये, आणि जो पीत नाही त्याला आग्रहही करू नये. गरोदर स्त्रिया, मद्याबरोबर न चालणारी औषधे घेणारे आणि ज्यांना नंतर वाहन चालवायचे आहे अशांनी चाखण्याच्या बैठकीत घोट घेऊच नये. थोड्याशा मद्यानेही ज्यांचा चेहरा लाल होतो आणि छाती धडधडते, त्यांच्या शरीरात मद्याचे विघटन नीट होत नसते. सवयीने ते सुधारेल या आशेवर त्यांनी राहू नये.

शिकण्यासाठी वाइन गिळावी लागत नाही, ही यातली दिलाशाची गोष्ट आहे. व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात फिरवतात आणि जवळ ठेवलेल्या भांड्यात थुंकतात. घरच्या बैठकीतही असे एक भांडे ठेवायला संकोच वाटू नये. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीतून ५० मिलिलिटरचे पंधरा भाग होतात. त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून तीन-चार बाटल्या उघडल्या, तर कोणीही फारसे न पिता सगळ्यांचे शिक्षण होते.

पहिली पायरी : वाइन उघडण्याआधी जीभ तयार करणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळणे योग्य ठरेल. तीन पेले घ्या. पहिल्यात पाणी आणि थोडा लिंबाचा रस, दुसऱ्यात तितकेच पाणी व तितकाच रस पण वर दोन चमचे साखर, आणि तिसऱ्यात दूध-साखरेविना बराच वेळ उकळलेला कडक चहा, गार करून. आता एकेक घोट घेऊन, चवीला नाव देण्याची घाई न करता, तोंडात काय घडते तेवढेच पाहा.

पहिल्या घोटाबरोबर गालांच्या आतून लाळ सुटेल. वाइनमधली आम्लता अशीच कळते. ती मुख्यत्वे टार्टारिक आणि मॅलिक या दोन आम्लांमुळे येते आणि थंड प्रदेशात पिकलेल्या द्राक्षांत अधिक टिकून राहते. दुसऱ्या घोटात रस तितकाच असूनही आंबटपणा कमी भासेल, कारण गोडवा आम्लतेला झाकतो. याच कारणाने काही वाइन भरपूर साखर असूनही चिकट किंवा जड वाटत नाहीत, आणि 'मला गोड वाइन आवडत नाही' असे म्हणणारे पुष्कळ लोक प्रत्यक्षात आम्लता कमी असलेल्या गोड वाइनला नकार देत असतात. तिसऱ्या घोटाने जीभ आणि हिरड्या कोरड्या, खरखरीत होतील. तो तुरटपणा टॅनिनचा आहे. टॅनिन द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत असते; ते लाळेतल्या प्रथिनांना धरते आणि लाळेचा निसरडेपणा काढून घेते. रेड वाइन सालींसकट आंबवली जाते म्हणून तिच्यात टॅनिन भरपूर असते, तर व्हाइट वाइनसाठी रस आधीच पिळून वेगळा करतात म्हणून तिच्यात ते नगण्य असते. रोझे म्हणजे गुलाबी वाइनचा रस थोडाच काळ सालींबरोबर राहतो.

आम्लता, गोडवा आणि तुरटपणा या तीन गुणांच्या जोडीला चौथा गुण म्हणजे अल्कोहोल. यीस्ट द्राक्षरसातल्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते. साध्या वाइनमध्ये अल्कोहोल सहसा ११ ते १५ टक्के असते. ते घशात ऊब म्हणून जाणवते आणि वाइनला भारदस्तपणाही देते. १२ टक्क्यांची आणि साडेचौदा टक्क्यांची वाइन एकापाठोपाठ चाखली की वाइनची 'बॉडी' कशाला म्हणतात ते समजावून सांगावे लागत नाही.

एक गोंधळ मात्र इथेच दूर करावा. फळांचा दाट वास म्हणजे गोडवा नव्हे. पिकलेल्या फळांचा वास आला की मेंदू साखरेची अपेक्षा करतो आणि ड्राय, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली, वाइनसुद्धा गोड असल्याचा भास होतो. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. जिभेवर उरलेला गोडवा तेवढाच खरा.

दुसरी पायरी : तापमान आणि ग्लास

महागड्या ग्लासांची गरज नाही. तोंडाशी किंचित निमुळता होणारा, पातळ काचेचा, दांडी असलेला एकाच आकाराचा ग्लास सगळ्या वाइनना चालतो, आणि तुलना करताना तर सगळे ग्लास सारखेच हवेत. ग्लास एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, कारण वर वास साठायला जागा लागते.

तापमानाकडे मात्र कसोशीने लक्ष द्यावे. फेसाळ वाइन ६ ते १० अंश सेल्सिअस, हलकी व्हाइट ७ ते १०, ओकच्या पिंपात मुरलेली भारी व्हाइट १० ते १३, हलकी रेड १३ च्या आसपास आणि भारी रेड १५ ते १८ अंशांवर द्यावी. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला थंड घरांच्या काळातला आहे. २८ अंशांच्या खोलीत ठेवलेल्या रेड वाइनमध्ये अल्कोहोल नाकात शिरते आणि फळ हरवते, म्हणून ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. उलट व्हाइट वाइन फ्रिजमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. अतिथंड वाइनचा वास कोंडलेला असतो आणि थंडीने तुरटपणा व आंबटपणा अधिक टोचतात. एखादी वाइन नावडली तर दोष तापमानाचा नाही ना, हे आधी तपासावे.

तिसरी पायरी : डोळ्यांना आणि किमतीला दूर ठेवणे

बाटल्यांवर कापड किंवा कागदी पिशवी चढवा आणि ग्लासांना क्रमांक द्या. हा खेळ नाही, याची दोन भक्कम कारणे आहेत. २००१ मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना बिनवासाच्या रंगाने लाल केलेली व्हाइट वाइन दिली गेली, आणि त्यांनी तिच्या वासाचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तीच वाइन जास्त किमतीची असल्याचे सांगितल्यावर लोकांना ती अधिक आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाशी निगडित भागात वाढलेली हालचाल दिसली. म्हणजे लेबलाचा परिणाम केवळ दिखाऊ नसतो. लेबल पाहिल्यावर चवच बदलते. स्वतःची आवड शोधणाऱ्याला हा अडथळा परवडत नाही.

जाणकारही याला अपवाद नाहीत. १९७६ मध्ये पॅरिसमध्ये ब्रिटिश वाइन विक्रेते स्टीव्हन स्परिअर यांनी घेतलेल्या झाकलेल्या बाटल्यांच्या परीक्षेत फ्रेंच परीक्षकांनी दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिले स्थान दिले: व्हाइटमध्ये शातो मॉन्टेलीनाची १९७३ ची शार्दोने आणि रेडमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची काबेर्ने सोव्हिन्यों. लेबले दिसत असती तर तसे गुण पडले असते असे मला वाटत नाही.

चाखण्याची कृती थोडक्यात अशी: ग्लास न हलवता एकदा वास घ्या, मग वाइन फिरवून पुन्हा घ्या, मध्यम घोट तोंडभर फिरवा, गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. अत्तर लावून किंवा नुकताच पेपरमिंट खाऊन चाखायला बसू नये.

चौथी पायरी : जोड्या लावून चाखणे

साऱ्या पद्धतीचा गाभा इथे आहे. एकटी वाइन चाखली की नवखा माणूस 'बरी आहे' यापलीकडे जाऊ शकत नाही. दोन शेजारी ठेवल्या, आणि त्यांच्यात शक्यतो एकच मोठा फरक असला, की जीभ आपोआप बोलू लागते.

पहिली जोडी शाब्ली आणि ओकमध्ये मुरलेल्या कॅलिफोर्नियाच्या शार्दोनेची. दोन्हींचे द्राक्ष एकच आहे, शार्दोने नावाचे पांढरे द्राक्ष. शाब्ली फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाच्या थंड उत्तर टोकाला, चुनखडीच्या जमिनीवर पिकते आणि बहुधा स्टीलच्या टाक्यांत बनते. ती काटेकोर, आंबटसर आणि सडसडीत लागते. कॅलिफोर्नियाच्या त्या शैलीत पिकलेली फळे, ओकमधून येणारा व्हॅनिला आणि लोण्यासारखा वास असतो. हा लोण्याचा वास मॅलिक आम्लाचे जिवाणूंकडून मऊ लॅक्टिक आम्लात रूपांतर होताना तयार होणाऱ्या डायअॅसिटिलचा असतो. 'मला शार्दोने आवडत नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना प्रत्यक्षात ओक किंवा तो लोणीपणा नको असतो, द्राक्षाबद्दल त्यांची तक्रार नसते. हा उलगडा झाला की आवडीचा अर्धा नकाशा तयार होतो.

दुसरी जोडी रीझलिंग या पांढऱ्या द्राक्षाची: जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातली एक 'ट्रोकन' म्हणजे ड्राय, आणि एक किंचित गोड 'काबिनेट', जिच्यात अल्कोहोल पुष्कळदा ८-९ टक्केच असते. लिंबूपाण्याच्या प्रयोगात दिसलेली गोडव्याची आणि आम्लतेची ओढाताण इथे प्रत्यक्ष वाइनमध्ये भेटते. ज्यांना दोन्हींपैकी गोडसर अधिक भावते त्यांनी त्याबद्दल अजिबात ओशाळू नये. जगातल्या अत्यंत मान दिल्या जाणाऱ्या वाइनमध्ये गोड वाइनची संख्या मोठी आहे, मग ती बोर्डोजवळची सोतेर्न असो की हंगेरीची तोकाय.

तिसरी जोडी टॅनिनसाठी. फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे द्राक्षाची रेड ही हलकी, रसाळ, कमी तुरट. तिच्यासमोर बोर्डोच्या मेदोक भागातली तरुण काबेर्ने सोव्हिन्यों ठेवा. तुरटपणा ज्यांना त्रास न वाटता भरीवपणा वाटतो त्यांनी पुढे इटलीच्या पिमोंते प्रांतातल्या बारोलोकडे वळावे. बारोलो नेब्बिओलो द्राक्षाची असते, रंगाला फिकट पण टॅनिनला कडक. ज्यांना तो नकोसा होतो त्यांच्यासाठी पिनो नुआर या कमी तुरट रेडचे मोठे जग मोकळे आहे. मधला रस्ता हवा असेल तर मर्लो, किंवा अर्जेंटिनाच्या मेंडोझातली माल्बेक घ्यावी.

चौथी जोडी वासासाठी: न्यूझीलंडमधल्या मार्लबरोची सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट आणि फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन खोऱ्यातली सिराह ही रेड. पहिलीत कापलेल्या गवताचा आणि हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या संयुगांमुळे येतो. दुसरीत काळ्या मिरीचा वास असतो, आणि तो रोटुंडोन या संयुगाचा असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले. याच संशोधनात असेही आढळले की सुमारे एक-पंचमांश लोकांना पाण्यात भरपूर रोटुंडोन मिसळले तरी त्याचा वास येत नाही. शेजारच्याला मिरी जाणवते आणि आपल्याला नाही, तर आपले नाक अडाणी आहे असे समजण्याचे कारण नाही. दोघे खरोखरच वेगळी वाइन पीत असतात. कडवटपणाच्या बाबतीतही माणसामाणसांत असाच जन्मजात फरक असतो. म्हणूनच दुसऱ्याच्या शिफारशीला मर्यादा आहे, मग तो दुसरा कितीही अनुभवी असो.

एका बैठकीत दोनच जोड्या घ्याव्यात. त्यापुढे जीभ थकते आणि टॅनिन साचत जाते. हलक्याकडून भारीकडे, ड्रायकडून गोडाकडे असा क्रम ठेवावा, आणि मध्ये पाणी प्यावे.

पाचवी पायरी : शॅम्पेन समजून घेणे

शॅम्पेन ही केवळ आनंदाच्या प्रसंगी फोडायची बाटली आहे, अशा समजुतीमुळे तिची चव नीट पाहिलीच जात नाही. माझ्या मते आवड शिकण्यासाठी तिच्याइतकी उत्तम शाळा नाही, कारण तिच्या लेबलावरच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाचा चवीशी थेट संबंध असतो.

शॅम्पेन हे नाव फ्रान्सच्या ईशान्येकडील रॅन्स आणि एपर्ने या शहरांभोवतीच्या प्रदेशात, ठरलेल्या नियमांनी बनलेल्या वाइनलाच मिळते. प्रदेश थंड, जमीन खडूची, त्यामुळे द्राक्षात आम्लता भरपूर. आधी साधी, आंबटसर वाइन तयार करतात. मग ती बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालतात. बंद बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण होते, वायू बाहेर जाऊ शकत नाही आणि आत सुमारे सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. काम संपलेले यीस्ट साका म्हणून बाटलीतच राहते, आणि वाइन त्या साक्यावर महिनोन् महिने मुरत पडते. शॅम्पेनमधला ताज्या भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा वास या मुरण्यातून येतो. विशिष्ट सालाचा उल्लेख नसलेल्या शॅम्पेनला बाजारात येण्याआधी किमान १५ महिने तळघरात काढावे लागतात, त्यांपैकी १२ साक्यावर. साल लिहिलेल्या शॅम्पेनला किमान तीन वर्षे. चांगल्या वाइनरी बहुधा याहून अधिक काळ थांबतात. शेवटी बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करून साका बुचाशी आणतात, तो काढून टाकतात आणि वाइनमध्ये विरघळवलेली थोडी साखर घालून बाटली पुन्हा बंद करतात. या साखरेला 'दोसाज' म्हणतात.

दोसाजवरून गोडव्याची नावे ठरतात, आणि नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो तो इथेच. लिटरमागे ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर असून वरून काहीच घातलेले नसेल तर ती 'ब्रूट नेचर', ६ ग्रॅमपर्यंत 'एक्स्ट्रा ब्रूट', १२ पेक्षा कमी असेल तर 'ब्रूट', १२ ते १७ 'एक्स्ट्रा ड्राय', १७ ते ३२ 'सेक', ३२ ते ५० 'डेमी सेक', त्यापुढे 'दू'. म्हणजे 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. लेबल वाचून सर्वांत कोरडी समजून तीच उचलणारा मनुष्य गोंधळून परततो. बाजारातल्या बहुतेक शॅम्पेन ब्रूट असतात, म्हणून शिकताना एक ब्रूट नेचर आणि एक डेमी सेक शेजारी ठेवून पाहावी. आपली जागा या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहे ते एका संध्याकाळी कळते.

पुढचा फरक द्राक्षांचा. शॅम्पेनमध्ये मुख्यतः शार्दोने, पिनो नुआर आणि मनिए ही तीन द्राक्षे वापरली जातात. शेवटची दोन काळी असली तरी त्यांचा रस पांढरा असतो, म्हणून हळुवार पिळल्यास वाइन पांढरीच होते. 'ब्लां द ब्लां' लिहिलेली शॅम्पेन केवळ पांढऱ्या द्राक्षांची, व्यवहारात शार्दोनेची, असते: तिच्यात लिंबू, खडू, ताठ आम्लता. 'ब्लां द नुआर' केवळ काळ्या द्राक्षांची: अधिक भरीव, लाल फळांकडे झुकणारी. ही जोडी मी प्रत्येक नवख्याला आवर्जून सुचवेन. लेबलाच्या कोपऱ्यातली रोमन अक्षरेही पाहावीत. 'आरएम' म्हणजे द्राक्षे पिकवणाऱ्यानेच वाइन बनवली आहे, आणि 'एनएम' म्हणजे इतरांकडून द्राक्षे घेऊ शकणारी वाइनरी. मोठ्या वाइनरी अनेक सालांच्या वाइन मिसळून दरवर्षी सारखी चव राखतात. छोट्या शेतकऱ्याच्या बाटलीत एखाद्या गावाची ओळख अधिक उमटू शकते. यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, सातत्य हवे की वेगळेपण हा आवडीचा प्रश्न आहे.

फेसाळ वाइनचा शोध दोम पेरिन्यों या धर्मगुरूने लावला ही कथा सुंदर असली तरी खरी नाही. ओव्हिलेर मठातल्या या साधूने, ज्याचा मृत्यू १७१५ मध्ये झाला, द्राक्षे निवडण्याची आणि मिसळण्याची कला उंचावली. पण वाइनमध्ये साखर घालून फेस आणण्याची रीत इंग्रज शास्त्रज्ञ क्रिस्टोफर मेरेट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १६६२ मध्येच मांडली होती.

शॅम्पेन परवडत नसेल तर शिकणे अडत नाही. स्पेनची कावा, इटलीची फ्रांचाकोर्ता आणि फ्रान्सच्या इतर प्रदेशांतली 'क्रेमां' याच बाटलीतल्या पद्धतीने बनतात. प्रोसेक्कोचा मार्ग वेगळा आहे: ग्लेरा द्राक्षाची ही वाइन बहुधा मोठ्या बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबते आणि साक्यावर फार काळ राहत नाही, म्हणून तिच्यात पावाचा वास नसतो, नाशपाती आणि फुलांचा ताजेपणा असतो. कावा आणि प्रोसेक्को शेजारी चाखा. प्रोसेक्को अधिक आवडली तर आपल्याला साक्याचा वास नको आहे, आणि मग महाग शॅम्पेनवर खर्च करण्याचे कारणही उरत नाही.

बाटली उघडताना काळजी घ्यावी, कारण सुटलेले बूच डोळा निकामी करू शकते. बाटली नीट थंड करा, हलवू नका. तारेची कडी सहा अर्धे वेढे देऊन सैल करा; या क्षणापासून अंगठा बुचावरून हलवू नये. बाटली तिरपी, कोणाच्याही दिशेने नाही अशी धरा, बूच घट्ट पकडा आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवा. बूच वर येऊ लागले की त्याला मागे रेटत राहा, म्हणजे आवाजाऐवजी हलका निःश्वास येईल. ओतण्यासाठी अरुंद उभ्या ग्लासापेक्षा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास घ्यावा. बुडबुडे अरुंद ग्लासात देखणे दिसतात, पण त्यात नाकाला जागा मिळत नाही.

सहावी पायरी : नोंद

प्रत्येक वाइनसाठी पाच शब्द पुरेत: आम्लता, गोडवा, तुरटपणा, भार आणि ओक. प्रत्येकापुढे कमी, मध्यम, जास्त यांपैकी एक लिहा, आणि शेवटी 'दुसरा ग्लास घ्यावासा वाटला का' या प्रश्नाचे हो किंवा नाही. फळाफुलांची लांबलचक वर्णने सुरुवातीला लिहू नयेत. ती सुचली तर आनंद, पण आवड त्यांच्यावर ठरत नाही. काही बैठकींनंतर 'हो' लिहिलेल्या ओळी एकत्र वाचल्या की त्यांच्यातला समान धागा स्वतःहून वर येतो.

नमुना म्हणून माझा धागा सांगतो. मला आम्लता जास्त हवी, तुरटपणा कमी, ओक जवळजवळ नको. गोडवा मात्र आम्लतेच्या जोडीने आला तर मनापासून आवडतो. म्हणून माझ्या पसंतीत सर्वांत वर आहे ती साक्यावर दीर्घकाळ मुरलेली एक्स्ट्रा ब्रूट ब्लां द ब्लां. ब्रूट नेचर मला पुष्कळदा हाडकुळी वाटते, आणि साखरेचे ते चार-पाच ग्रॅम चवीला पूर्णत्व देतात असे मी मानतो. त्याखालोखाल शाब्ली आणि मोझेलची काबिनेट. रेडमध्ये पिनो नुआर आणि किंचित थंड केलेली गामे. बारोलोबद्दल मला नितांत आदर आहे, पण दुसरा ग्लास मी मागत नाही. ज्याला भारी, ओकमध्ये मुरलेली, मखमली रेड वाइन हवी आहे त्याच्यासाठी माझी ही यादी निरुपयोगी ठरेल, आणि ते तसेच असायला हवे.

सातवी पायरी : विकत घेणे, आणि नाकारणे

दुकानात किंवा रेस्टॉरंटमध्ये 'चांगली वाइन द्या' म्हणण्याऐवजी तीन गुण सांगावेत: 'व्हाइट, आम्लता जास्त, ओक नसलेली' किंवा 'रेड, भारी चालेल, पण तुरट नको'. विक्रेता जाणकार असेल तर एवढ्यावर नेमकी बाटली काढतो. लेबल वाचताना युरोपातल्या जुन्या प्रदेशांत द्राक्षाऐवजी गावाचे किंवा प्रदेशाचे नाव असते हे लक्षात ठेवावे: शाब्ली म्हणजे शार्दोने, सांसेर लिहिलेली व्हाइट म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, कियांती म्हणजे मुख्यतः सान्जोव्हेसे. 'रिझर्व्ह' या शब्दाला अनेक देशांत कायद्याचा आधार नाही. स्पेनच्या रिओहात मात्र आहे, तिथे 'ग्रान रेझेर्व्हा' रेड वाइन किमान पाच वर्षे मुरलेली असते. ओक नको असणाऱ्याने ते शब्द पाहूनच सावध व्हावे.

नावडलेली वाइन आणि बिघडलेली वाइन यांत फरक करायला शिकणे आवश्यक आहे, कारण पहिली परत करता येत नाही आणि दुसरी हक्काने करता येते. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येत असेल आणि फळ मुके झाले असेल, तर ते बुचातून येणाऱ्या टीसीए या संयुगाचे काम आहे. ग्लास कितीही फिरवला तरी तो वास जात नाही. तरुण व्हाइट वाइन तपकिरी झाली असेल आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागत असेल तर तिला हवा लागली आहे. व्हिनेगरचा झणझणीत दर्प हाही दोषच. बुचाला किंवा बाटलीच्या तळाला चिकटलेले काचेसारखे बारीक खडे मात्र टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक असतात, ते निरुपद्रवी आहेत. उघडताना आलेला काडी पेटवल्यासारखा वासही बहुधा काही मिनिटांत उडून जातो, म्हणून त्यावरून घाईने निर्णय करू नये.

दोष नाही पण आवडली नाही, अशी बाटली ओतून देण्यापूर्वी तिला एक दिवस द्यावा. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली रेड किंवा व्हाइट वाइन साधारण तीन ते पाच दिवस टिकते, आणि तरुण, तुरट रेड वाइन हवा लागल्याने दुसऱ्या दिवशी पुष्कळदा मऊ झालेली आढळते. फेसाळ वाइनला दाब सहन करणारे खास झाकण लागते. बाटलीच्या तोंडात चमचा खोचल्याने फेस टिकत नाही. दुसऱ्या दिवशीच्या घोटाचीही नोंद पहिल्या दिवशीच्या नोंदीखालीच करावी, म्हणजे आपल्याला तरुण वाइन हवी की मुरलेली, हे ठरवायला आधार मिळतो.